शस्त्राचे तोंड आणि आपले घरदार
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वसतिगृहाचा निधी, विवाहातील अनाठायी खर्च या विषयांवर बोलणारे अधिकारी वक्ते येथे पुष्कळ आहेत. आम्ही जो विषय घेतला आहे तो या व्यासपीठावर सहसा निघत नाही. तथापि तो आपल्यापैकी काही घरांच्या कपाटांत आहे, काहींच्या उशीखाली आहे आणि लग्नसराईत काहींच्या कमरेलाही असतो. परवान्याचे पिस्तूल अथवा रिव्हॉल्वर कपड्याआड बाळगले असता त्याच्या नळीचे तोंड कोठे असावे, हा तो विषय होय.

वऱ्हाडातील मनुष्यास बंदूक अपरिचित नाही. मेळघाटाच्या पायथ्याशी अचलपूर, अकोट, तेल्हारा या बाजूंस ज्यांची शेती आहे, त्यांस रानडुकरांचा आणि रोह्यांचा उपद्रव सांगावयास नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख स्वतंत्रपणे केलेला आहे. अकोला व अमरावती येथे कापसाचा आणि सराफीचा व्यापार जुना. रोकड व दागिने घेऊन प्रवास करणाऱ्यांपैकी काहींनी रिव्हॉल्वरचा परवाना घेतला. ठासणीच्या बंदुकीच्या मानाने हे शस्त्र अगदी लहान. खिशात मावते, सदऱ्याखाली दिसत नाही. पण जे दिसत नाही त्याचा विसर लवकर पडतो आणि येथेच धोक्याला सुरुवात होते.

शस्त्र घ्या असे आम्ही कोणास सांगत नाही, आणि ज्यांनी कायदेशीर गरजेने घेतले त्यांस नावेही ठेवीत नाही. ज्यांच्या घरी ते आहे त्यांनी ते कसे वागवावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

आता मूळ तत्त्व ऐका. बंदूक भरलेली असो वा रिकामी असो, तिच्या नळीचे तोंड ज्याला इजा व्हावी असे आपल्या मनात नाही, त्याच्याकडे क्षणभरही वळू द्यावयाचे नाही. अमेरिकेच्या मरीन दलातील एक अधिकारी जेफ कूपर (१९२०–२००६) यांनी शस्त्र हाताळण्याचे चार नियम सोप्या शब्दांत मांडले, आणि ते आज जगभर शिकविले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजून वागावे. ज्याचा नाश करावयाचा नाही त्यावर नळी रोखू नये. नेम धरून झाडण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये. आणि निशाण काय आहे व त्याच्या पलीकडे काय आहे हे पाहिल्याशिवाय गोळी झाडू नये. या चारांतील दुसरा नियम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. बाकीच्यांत चूक झाली आणि गोळी सुटली, तरी नळीचे तोंड योग्य दिशेस असेल तर भिंतीला भोक पडेल, मनुष्य वाचेल.

हे तत्त्व परदेशी आहे असे कोणी म्हणू नये. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली अंबादासपंत वैद्यांनी स्थापिले, आणि त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. अशा आखाड्यांतून ज्यांनी लाठी किंवा दांडपट्टा फिरविला, त्यांस ठाऊक आहे की फिरविणाऱ्याभोवती रिंगण मोकळे ठेवावे लागते. फरक एवढाच की पट्ट्याचे रिंगण चार हातांचे असते आणि गोळीचे रिंगण डोळ्यांना दिसत नाही. छात्रसेनेची मुले ज्या बावीस बोअरच्या लहान रायफलीने नेम शिकतात, तिची गोळीसुद्धा मोकळ्या रानात दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. आम्ही हायस्कूलच्या खालच्या वर्गांना शिकवीत असताना छात्रसेनेच्या मुलांसोबत चांदमारीला जात असू. तेथे रायफल रिकामी आहे हे तपासून झाल्यावरही कोणी ती घेऊन मागे वळला, तर हवालदार त्याला तत्काळ रांगेबाहेर काढी. 'रिकामीच होती' हे उत्तर तेथे चालत नसे. घरात मात्र हेच उत्तर आपण सर्रास चालवून घेतो.

दोन घटना सर्वश्रुत आहेत. सुप्रसिद्ध नट गोविंदा हे १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत जुहू येथील घरून कोलकात्यास जाण्याच्या तयारीत होते. त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्वर कपाटात ठेवीत असता ते निसटून पडले व गोळी सुटून पायास लागली, असे त्या वेळी सांगण्यात आले. शस्त्रक्रिया करून गोळी काढण्यात आली आणि ते बचावले. घरात चोर नव्हता, भांडण नव्हते. केवळ ठेवाठेव चालू होती. दुसरी घटना न्यूयॉर्कची. तेथील फुटबॉलचा नामवंत खेळाडू प्लॅक्सिको बरेस हा नोव्हेंबर २००८ मध्ये एका रात्रीच्या क्लबात गेला असता त्याने पिस्तूल पट्ट्याशिवाय, ढिल्या विजारीच्या कमरेत नुसते खोचलेले होते. ते खाली सरकले, सावरताना चाप दाबला गेला आणि गोळी त्याच्याच मांडीत शिरली. तेथे बाळगण्याचा परवाना नसल्याने पुढे त्यास दोन वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही प्रसंगी शत्रू कोणीच नव्हता. शस्त्राने आपल्या धन्यालाच गाठले.

असे का घडते, हे यंत्राकडे पाहिले म्हणजे समजते. जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्वरांत घोडा काडतुसाच्या बुडाशी टेकून राहतो. असे शस्त्र फरशीवर घोड्याच्या अंगाने आपटले तर चाप न दाबताही गोळी सुटू शकते. म्हणून जुने जाणते लोक सहा घरांच्या चक्रीत पाचच काडतुसे भरीत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. नव्या घडणीत घोडा व काडतूस यांच्यामध्ये अडसर असतो. परंतु आपल्या कपाटातील शस्त्र कोणत्या घडणीचे आहे, हे जाणकार शस्त्रविक्रेत्याकडून तपासून घेतल्यावाचून गृहीत धरू नये. पिस्तुलाची गोष्ट निराळी. त्याचे मॅगझिन काढले म्हणजे ते रिकामे झाले असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः एक काडतूस नळीच्या मागील घरात तसेच राहिलेले असू शकते. ते पाहिल्याशिवाय पिस्तूल रिकामे समजणे म्हणजे विहिरीत डोकावून न पाहता उडी घेणे होय. आणि सुरक्षेचा खटका हा माणसानेच घडविलेला एक तुकडा आहे. तो झिजतो, अडकतो, कधी लावावयाचा राहून जातो. खटक्यावर भरवसा ठेवून नळीची दिशा सोडू नये.

आता अंगावर बाळगण्याकडे वळू. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल अथवा रिव्हॉल्वर न्यावयाचे तर ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. यामागील हेतू केवळ लोकांना ते दिसू नये एवढाच नाही. चांगले होल्स्टर चाप पूर्णपणे झाकते आणि नळीचे तोंड एका ठरावीक दिशेस धरून ठेवते. नुसते खोचलेले शस्त्र बसता-उठता फिरते. खिशात किल्ल्या, अडकित्ता, पानाची डबी यांच्या संगतीत ठेवलेले शस्त्र तर त्याहून वाईट, कारण एखादी किल्ली चापाच्या कड्यात शिरण्यास वेळ लागत नाही.

होल्स्टर असले तरी मनुष्य खांबासारखा उभा राहत नाही. उजव्या कुशीवर, तोंड सरळ जमिनीकडे अशी ठेवण त्यातल्या त्यात बरी. पोटासमोर खोचलेल्या शस्त्राचा रोख स्वतःच्या जांघेकडे असतो. पंगतीत मांडी घालून बसले की तोच रोख आपल्या मांडीवर आणि शेजाऱ्याच्या गुडघ्यावर जातो. काखेखालच्या काही पट्ट्यांत नळी आडवी असते, म्हणजे मागे उभा असलेला प्रत्येक मनुष्य तिच्या रोखात सापडतो. बडनेरा किंवा अकोला स्थानकावरील गर्दीत मागे कोण असेल, हे कोणी सांगावे? कमरेच्या मागे खोचलेल्या शस्त्राचे तोंड उभे असताना खाली असते खरे. पण वडिलांच्या पाया पडण्यासाठी वाकले की ते थेट मागे उभ्या असलेल्यांकडे होते. लग्नमंडपात नवरदेवाचा काका थोरांना वाकून नमस्कार करतो आहे आणि त्याच्या मागे पोरेबाळे अक्षता घेऊन उभी आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

अपघाताचा सर्वांत नाजूक क्षण म्हणजे शस्त्र होल्स्टरमध्ये परत ठेवण्याचा. सदऱ्याचे टोक, उपरण्याचा पदर किंवा आपलेच बोट चापाशी अडकते आणि वरून दाब पडतो. यास्तव बाहेर काढण्यात घाई झाली तरी परत ठेवण्यात घाई कधीही करू नये. कपडा बाजूला करावा, बोट लांब नळीच्या अंगाने सरळ ठेवावे, जागा डोळ्यांनी पाहावी आणि मग सावकाश ठेवावे. शक्य असल्यास शस्त्र होल्स्टरमध्येच ठेवून होल्स्टरसकट पट्टा काढावा. शस्त्राला जितका कमी हात लागेल तितके बरे.

घरातही एक दिशा नेमून ठेवावी. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती हात-दीड हात जाड होत्या. आजच्या सदनिकेतील चार इंचांच्या विटांच्या भिंतीवर तसा विश्वास टाकता येत नाही. पलीकडे शेजाऱ्याचे मूल अभ्यासाला बसलेले असते. फरशीवरून गोळी उसळते, छतावर कोणी राहत असते. म्हणून शस्त्र भरणे, रिकामे करणे व पुसणे ही कामे करताना वाळूने घट्ट भरलेली मोठी बादली किंवा वाळूची पोती कोपऱ्यात ठेवून नळीचे तोंड तिकडेच धरावे. पुसावयास बसण्यापूर्वी काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावी. काम एकट्याने करावे, गप्पा मारीत करू नये, आणि मद्य घेतलेल्याने तर शस्त्रास शिवूही नये.

माता-भगिनींना आमचे विशेष सांगणे आहे. लहान मुलांपासून वस्तू लपवून ठेवली की ती सुरक्षित झाली, हा समज आम्ही शिक्षकीच्या वर्षांत शेकडो मुले पाहून सोडून दिला आहे. आईने लाडवाचा डबा कोठे ठेवला हे ज्याला कळते, त्याला वडिलांचे रिव्हॉल्वर कोठे आहे हेही कळते. मुलाच्या हाती आलेल्या शस्त्राचे तोंड बहुधा त्याच्या स्वतःकडे किंवा धाकट्या भावंडाकडे असते, कारण नळीत काय आहे हे त्याला पाहावयाचे असते. म्हणून कुलूप, निराळी किल्ली आणि काडतुसांस निराळे कुलूप, एवढे पाहिजेच. घरधनी हयगय करीत असेल तर गृहिणीने त्यास टोकावे. हा तिचा हक्क आहे.

वडिलोपार्जित बंदुकांविषयीही एक सांगितले पाहिजे. परवानाधारक वारल्यावर त्याचे शस्त्र आठवण म्हणून भिंतीवर टांगून ठेवता येत नाही. वारसांनी ते विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि हवे असल्यास आपल्या नावे परवान्याचा अर्ज करावा, असा कायदा आहे. अशा जुन्या बंदुकीत कोणी, कधी काय भरून ठेवले हे सांगणारा मनुष्यच गेलेला असतो. तेव्हा ती रिकामी आहे असे मानून हाताळणे फार घातक. पोलीस ठाण्यास कळवून त्यांच्या सल्ल्यानेच ती हलवावी.

शेवटी लग्नकार्यांतील हौसेचा प्रश्न. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडणे हा २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा आहेत. वर गेलेली गोळी कोठेतरी खाली येतेच, आणि मंडपाभोवती आपलीच माणसे असतात. परंतु कायद्याची भीती दाखवून आम्हांस थांबावयाचे नाही. ज्ञातीची प्रतिष्ठा कमरेच्या फुगवट्यावरून कोणी मोजीत नाही. ती आपल्या मुलांच्या शिक्षणावरून आणि आपल्या वचनावरून मोजली जाते.

यास्तव आम्ही मंडळापुढे दोन सूचना ठेवितो. एक, मंडळाच्या मेळाव्यात, वधू-वर परिचयात आणि सामुदायिक विवाहात कोणीही शस्त्र घेऊन येऊ नये, असा ठराव कार्यकारिणीने करावा आणि तो निमंत्रणपत्रिकेवर छापावा. दुसरी, ज्या सभासदांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे त्यांनी वर्षातून एकदा एकत्र जमून जाणत्या निवृत्त सैनिकाकडून किंवा पोलीस अधिकाऱ्याकडून ते हाताळण्याची उजळणी करावी. आपल्या ज्ञातीत अशी मंडळी आहेत आणि ती हे काम आनंदाने करतील, अशी आमची खात्री आहे.

शस्त्र रक्षणासाठी घेतले जाते. ज्यांचे रक्षण करावयाचे त्यांच्याकडेच त्याचे तोंड राहिले, तर ते न घेतलेले बरे. एवढे एक वाक्य आपण घरी नेलेत आणि आज रात्री कपाट उघडून आपल्या शस्त्राचे तोंड कोणत्या खोलीकडे आहे हे पाहिलेत, तर आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.