एक रुपयाची पुडी

आम्ही पोलादपूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आजचा विषय न्हाणीघरातला आहे.

मागच्या महिन्यात आमच्या बैठकीत ठरलं, की आठवडाभर शाम्पूची रिकामी पुडी कुणी टाकायची नाही. बैठकीला घेऊन यायची. आम्ही १० जणी. सगळ्यांच्या पुड्या चटईवर ओतल्या, मोजल्या, तर ६४ भरल्या. म्हणजे वर्षाला ३,००० च्या वर, आणि हे फक्त १० घरांचं.

मग एकमेकींना विचारलं, आजवर या पुड्या जात कुठे होत्या? एकीच्या बंबात, दुसरीच्या चुलीत, आणि नदीवर धुणं धुताना तिथेच दगडाखाली. मैत्रिणींनो, जळत्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो, आणि चुलीपुढे बसणाऱ्या आपणच असतो, मांडीवर लेकरू घेऊन. नदीत टाकलेली पुडीही संपत नाही. महाबळेश्वरला उगम पावणारी आपली सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. आपण टाकलेलं ती खालच्या गावांना नेऊन देते.

भंगारवाला शाम्पूची बाटली घेतो, पुडी घेत नाही. कारण पुडीत वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही. १ जुलै २०२२ पासून कान कोरायच्या प्लास्टिकच्या काड्यांवर देशभर बंदी आली, पण शाम्पूची पुडी त्या यादीत नाही. म्हणजे हे आपलं आपल्यालाच बघायचं आहे.

आता खरं बोलू. पुडी आपण हौसेनं घेत नाही. हातात रोज थोडाच पैसा येतो, म्हणून घेतो. कधी कधी तर ती बाटलीपेक्षा स्वस्तही पडते. पण थोडा थोडा पैसा एकत्र केला की मोठं काम होतं, हे बचत गटानंच आपल्याला शिकवलं ना? मग तेच न्हाणीघरात का करू नये?

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, शिकेकाई. मोठ्या बायांना तिची सवय होतीच. वाळक्या शेंगा आणि रिठे बिया काढून घेतले, त्यात आवळकाठी, थोडी मेथी आणि नागरमोथा घातला, कडक उन्हात वाळवून डंकावर कुटून आणलं. वाटणी करून प्रत्येकीनं आपापल्या बरणीत भरलं. रात्री भिजत घालायचं, सकाळी कोमट करून गाळायचं. डोळ्यांत मात्र जाऊ द्यायचं नाही, फार झोंबतं.

पोरी म्हणाल्या, "फेस येत नाही, आणि शाळेच्या घाईत गाळत कोण बसणार?" त्यांचंही बरोबर. म्हणून दुसरी गोष्ट, सलूनवाले आणतात तसा ५ लिटरचा कॅन गटानं वर्गणी काढून आणला. पुडी ६ मिलीची धरली, तर एका कॅनमध्ये ८०० च्या वर पुड्यांचा शाम्पू मावतो. प्रत्येकीनं घरची जुनी बाटली आणायची आणि मापानं भरून न्यायची. वहीत नोंद होते, पैसे हप्त्याच्या दिवशी.

पाळीच्या पॅडबद्दल आम्ही कुणावर सक्ती केली नाही. कापडी पॅड उन्हात खडखडीत वाळायला हवेत, आणि आपल्याकडच्या पावसात ऊन कुठलं? ज्यांना जमतं त्या उन्हाळ्यात वापरतात. आधी सोपं ते करायचं.

गेल्या बैठकीला परत पुड्या मोजल्या. ११ निघाल्या. अजून आहेतच, पण बंबात एकही गेली नाही.

तर मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीला हप्त्याबरोबर आठवड्याच्या रिकाम्या पुड्याही घेऊन या. कुणाला नावं ठेवू नका, फक्त चटईवर ओता आणि मोजा. पुढचं तुमचं तुम्हीच ठरवाल.