कमी बजेटमध्ये येझदीचं इंजिन: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि गॅरेजमध्ये उभे असाल तर मोबाईलवर उघडा ठेवा.)

मागच्या काही दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत खूप जणांनी विचारला. "घरी बाबांची किंवा आजोबांची जुनी येझदी पडून आहे, इंजिन करायचंय, पण खिशात लाखभर रुपये नाहीत. जमेल का?" जमतं. माझ्या घरच्या गाडीच्या इंजिनासाठी मी १५ हजारांची मर्यादा ठरवली होती, आणि काम त्यातच बसवलं. मात्र स्वस्त पार्ट शोधून ते बसलं नाही. कुठल्या कामाला आधी पैसे द्यायचे आणि कुठलं काम पुढे ढकलायचं, हे ठरवल्यामुळे बसलं. आज तेच बोलूया.

आधी गाडीची ओळख. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून इथे जावा बनवली, पुढे त्याच घराण्यातली येझदी आली, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. २५० सीसीचं साधं टू-स्ट्रोक इंजिन. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. म्हणून लोकांना वाटतं, यात आहे काय, दुपारी खोलू, संध्याकाळी बांधू. अडचण तिथेच आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा स्वतःच एक पंप असतो. पेट्रोल, हवा आणि ऑइल, सगळं त्यातून जातं. त्यामुळे एक बारीक गळतीसुद्धा इंजिन मारू शकते. आणि चालत्या गाडीत इंजिन जॅम झालं, तर मागचं चाक लॉक होतं. हायवेवर ७० च्या स्पीडला हे झालं तर काय होईल, ते सांगायला नको.

पहिली गोष्ट: खोलण्याआधी निदान. आम्ही ऑफिसात आधी लॉग बघतो, मग कोडला हात लावतो. इथेही तेच. या इंजिनात क्रँकच्या डाव्या बाजूला प्रायमरी चेन आणि गिअर ऑइल, उजव्या बाजूला डायनॅमो, आणि तो भाग कोरडा. आता बघा, गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर डावं ऑइल सील गेलंय, इंजिन गिअर ऑइल पितंय. उलट, अॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन स्वतःहून रेस होत राहत असेल, तर उजव्या सीलमधून हवा घुसत असण्याची शक्यता जास्त. हे दुसरं जास्त धोकादायक. हवा जास्त म्हणजे मिक्श्चर पातळ, इंजिन जास्त तापणार, आणि पिस्टन चिकटणार. अशा गाडीला नुसता नवा पिस्टन टाकला, तर तोही जाणार.

दुसरी गोष्ट: खोलताना हातोडा लांब ठेवा. क्लच आणि डायनॅमोच्या रोटरला पुलर लागतो. विकत नको, एखाद्या जुन्या जावा मेकॅनिककडून दोन दिवसांसाठी मागून आणा. क्रँककेसच्या दोन भागांमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, अजिबात नाही. तिथे पडलेली एक खाच म्हणजे कायमची गळती. शिवाय त्या केसवर तुमचा इंजिन नंबर आहे, जो आरसीवर आहे. पिस्टन उद्या पुन्हा मिळेल, तो नंबर असलेली केस मिळणार नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करायला गाडी न्याल, तेव्हा नंबर जुळला पाहिजे.

आता पैसे. माझ्या शीटमध्ये तीनच ओळी लाल होत्या, म्हणजे इथे तडजोड नाही: बोअर-पिस्टन, क्रँक, आणि बेअरिंग-सील.

बोअर. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजून घ्या. जुना बोअर गोल राहत नाही, थोडा अंडाकृती होतो. मग आधी ओव्हरसाइज पिस्टन विकत घ्या, आणि सिलिंडरबरोबर तो पिस्टन लेथवाल्याच्या हातात द्या. त्याच पिस्टनला मोजून बोअर मारायचा. नुसतं "पन्नासचा मारा" म्हणून सिलिंडर पाठवला, तर गॅप नशिबावर. आणि एक गोष्ट स्वतः तपासा. बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. त्या हलक्या हाताने गोल करून घ्याव्या लागतात. हे राहिलं तर रिंग त्या कडेत अडकते आणि तुटते. कामाला जेमतेम अर्धा तास लागतो, पण घाईत नेमकं हेच सुटतं.

क्रँक. केरोसीनने स्वच्छ धुवा, कारण ऑइल असताना प्ले लपतो. मग कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडी हालचाल चालते, वर-खाली अजिबात नको. प्ले असेल तर रॉड किट बदलायचं. हा क्रँक प्रेस करून जोडलेला असतो, त्यामुळे काम प्रेस आणि डायल गेज असलेल्याकडेच द्या. पुण्यात नाना पेठेत पार्टसाठी फिरताना किंवा कोल्हापुरात उद्यमनगरात विचारलंत तर असा माणूस सापडतो. "डायल लावून दाखवाल का?" एवढाच प्रश्न विचारा. जो आनंदाने दाखवतो, त्याला काम द्या.

बेअरिंग. इथे खरी बचत आहे. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो घेऊन थेट बेअरिंगच्या दुकानात जा. नंबरापुढे सी-थ्री लिहिलं असेल तर तेही तसंच मागा, ती आतली जास्तीची जागा आहे, गरम झाल्यावर लागते. बसवताना केस साधारण १०० डिग्रीपर्यंत तापवा आणि बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवा. अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे बेअरिंग जवळजवळ आपोआप जागेवर बसतं. ठोकाठोक नाही. सील, गॅस्केट आणि पिस्टन पिनच्या सर्क्लिप सगळ्या नव्या.

मग वाचवायचं कुठे? क्रोम, पेंट, पॉलिश, नवीन सीट, सगळं पुढच्या वर्षी. गिअर बघा, दात तुटलेले नसतील आणि गिअर सुटत नसेल तर तसेच ठेवा. क्लच प्लेट मोजा, चालण्यासारख्या असतील तर चालवा. धुणं, घासणं, गॅस्केट खरवडणं घरी करा. त्याची मजुरी वाचते.

इंजिन बांधून झालं की किक मारण्याआधी प्रेशर टेस्ट. सायलेन्सर आणि कार्बोरेटरची तोंडं जुन्या ट्यूबच्या रबराने बंद करा, प्लगच्या जागेतून पिस्टन खाली असताना हवा भरा. पाचेक पीएसआय पुरे. घरातलं जुनं बीपीचं मशीन यासाठी मस्त चालतं, साधारण २५० वर काटा न्या आणि बघा. काटा पाच मिनिटं टिकला तर पास. पडत असेल तर साबणाचं पाणी लावा, फुगे आले की जागा सापडली. खर्च शून्य, आणि नवा पिस्टन वाचतो.

शेवटचं, रनिंग-इन. सुरुवातीला मी १:२० ऑइल ठेवलं, म्हणजे लिटरला ५० मिली. नंतर मॅन्युअलप्रमाणे. पहिले ५०० किलोमीटर एकाच स्पीडला ताणायचं नाही. आणि घाट उतरताना विशेष लक्ष द्या. अॅक्सिलरेटर बंद आणि गाडी गिअरमध्ये, म्हणजे इंजिन फिरतंय पण पेट्रोलच येत नाही, म्हणून ऑइलही येत नाही. अधूनमधून थोडा अॅक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज अचानक दबला, तर आधी क्लच दाबा, विचार नंतर. इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढून घेतं, म्हणून महिनोन्‌महिने टाकीत भरून ठेवू नका.

आणि ज्यांची गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे, त्यांनी लक्षात घ्या: २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात लागते, आणि ती नोंदणी रोजच्या वापरासाठी नाही. रोज चालवायची असेल तर साधी आरसीच बरी.

या रविवारी एवढंच करा: इंजिन नंबरवरचा चिखल धुवा, आरसीशी जुळवा, आणि खोलण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. पुढच्या भागात कार्बोरेटर आणि पॉइंट. प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, जमल्यास इंजिनाच्या आवाजासकट. भेटूया!