आपल्या जुन्या स्मरणिका शोधणाऱ्याच्या हाती कशा लागतील?
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या संस्थेच्या जुन्या स्मरणिका संकेतस्थळावर ठेवाव्यात, असा विचार कार्यकारी मंडळापुढे आहे. त्या ठेवाव्यात याविषयी दुमत नाही; त्या कशा ठेवाव्यात याचा मात्र पुरेसा विचार अद्याप व्हावयाचा आहे. म्हणून त्या एकाच प्रश्नासंबंधी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही घेत आहो.

ग्रंथ संग्रही असणे आणि तो वाचकाच्या हाती लागणे, या दोन भिन्न गोष्टी होत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले आणि त्यांतील एक खंड केवळ सूचीस वाहिला, तो याच जाणिवेने. सूचीचे ते काम आज गुगलसारखी शोधयंत्रे करतात. ती एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने वाचतात व प्रत्येक पानाच्या पत्त्याची नोंद ठेवतात. ज्या पानास स्वतःचा पत्ता नाही, अथवा ज्याकडे नेणारा दुवा नाही, ते पान त्या सूचीच्या लेखी बहुधा नसल्यासारखेच असते.

आता संपूर्ण स्मरणिका एकाच लांबलचक पानावर ठेवली तर काय होईल? ते पान भ्रमणध्वनीवर सावकाश उघडेल. शिवाय कुलदैवतांची माहिती, विद्यार्थी-साहाय्य निधी आणि श्रद्धांजली-लेख एकत्र आल्याने पानाचा मुख्य विषय कोणता, हे यंत्रास कळणार नाही. उलट दहा-दहा ओळींचे तुकडे केले, तर कोणत्याच पानात सत्त्व उरणार नाही. सबब मध्यम मार्ग हाच की, एका विषयाचा लेख एका पानावर असावा आणि त्याचे शीर्षक त्या लेखातील विषय सांगणारे असावे. ‘स्मरणिका, भाग ३’ या शीर्षकाने कोणाचाही शोध सफल होत नाही.

आडनावे व मूळ गावे यांची यादी मात्र मोठी असल्यामुळे ती अनेक पानांत विभागावीच लागेल. तेथे तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, प्रत्येक पानास पृथक् पत्ता द्यावा. पत्त्यात ‘#’ हे चिन्ह घालून त्यापुढे पानाचा क्रमांक लिहिणे पुरेसे नाही, कारण त्या चिन्हापुढील भाग गुगल विचारात घेत नाही. दुसरी, ‘मागील पान’ व ‘पुढील पान’ असे साधे दुवे द्यावेत. ‘आणखी दाखवा’ असे बटण माणूस दाबतो. शोधयंत्र ते सामान्यतः दाबत नाही.

तिसरी गोष्ट किंचित सूक्ष्म आहे. एकच मजकूर अनेक पत्त्यांवर असल्यास त्यांतील प्रमुख पत्ता कोणता, हे सांगणारी ‘कॅनॉनिकल’ नावाची खूण गुगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये मान्य केली. पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पानावरही पहिले पान प्रमुख असल्याची खूण केलेली आढळते. याचा अर्थ यंत्र असा घेते की, पुढील पाने ही पहिल्या पानाच्या केवळ नकला होत. आणि त्यांवरील नावे सूचीबाहेर राहण्याचा संभव उत्पन्न होतो. ‘अ’पासूनची घराणी सापडावीत आणि ‘श’पासूनची सापडू नयेत, हा न्याय कोणता? म्हणून प्रत्येक पानाने स्वतःचाच पत्ता प्रमुख म्हणून सांगावा. संपूर्ण यादीचे एक स्वतंत्र पान असेल, तरच त्याकडे बोट दाखविणे योग्य.

पानांची मालिका ओळखण्यासाठी मागील-पुढील पानांच्या विशेष खुणा गुगलने २०११ मध्ये सुचविल्या होत्या. त्या आपण उपयोगात आणीत नसल्याचे त्यानेच २०१९ मध्ये जाहीर केले. तंत्रे अशी बदलतात. वाचकाच्या सोयीसाठी दिलेला सरळ दुवा मात्र टिकून राहतो.

मराठीपुरती एक निराळी अडचण आहे. पानांची नुसती छायाचित्रे ठेवल्यास पुसट छपाईतील जोडाक्षरे यंत्रास नीट वाचता येत नाहीत. तसेच संगणकावरील जुन्या टंकांत जुळविलेला मजकूर डोळ्यांस देवनागरी दिसतो, परंतु आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. त्यामुळे मराठी शब्द शोधणाऱ्यास तो सापडत नाही. देवनागरीचा समावेश असलेले युनिकोड १९९१ पासून उपलब्ध आहे. सर्व मजकूर त्यातच असावा.

एक इशाराही दिला पाहिजे. जुन्या अंकांत वधूवरांच्या जन्मतारखा व कुटुंबांचे पत्ते छापलेले असतात. ते घरोघरी जाणाऱ्या अंकात शोभले, तरी जगापुढे मांडू नयेत. ‘रोबॉट्स’ नावाच्या फाइलीत मनाई लिहिल्याने यंत्र पान वाचीत नाही. तथापि त्याचा पत्ता सूचीत येऊ शकतो. ‘नोइंडेक्स’ ही खूण पान सूचीबाहेर ठेवते, पण ती दिसावी म्हणून यंत्रास पान वाचू द्यावे लागते. आणि या दोहोंनीही पत्ता ठाऊक असलेल्या माणसास अटकाव होत नाही. खाजगी माहिती एकतर गाळावी, अथवा परवलीच्या शब्दाआड ठेवावी.

मूळ गाव सुटून ज्यांच्या तीन-चार पिढ्या झाल्या, अशा कुटुंबांतील मुले आज आपले कुलदैवत व घराणे शोधीत आहेत. सांगणारी वडीलधारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. त्यांनी लिहून ठेवलेले आपल्यापाशी आहे. ते मुलांच्या हाती पोचविणे, हे आपले कर्तव्य होय. प्रत्येक शाखेतील दोन-दोन तरुणांनी शीर्षके व याद्या युनिकोडमध्ये उतरविण्याचे काम पत्करावे, आणि खाजगी मजकूर वेगळा काढण्याचे काम ज्येष्ठांनी करावे, अशी आमची सर्वांस आग्रहाची विनंती आहे.