उंच केलेली जीप आणि घाटातला ब्रेक
(नाशिक जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून कांद्याचा भाव, निर्यातबंदी आणि वीजबिल यांवर बोलणे झाले. आता जो विषय घेतो तो ऐकून काहीजण हसतील. विषय आहे कार्यकर्त्यांच्या जीपांचा आणि भाजी वाहणाऱ्या पिकअपचा. आम्ही शेतकीचे पदवीधर, मिस्त्री नव्हे. पण या बाबतीत चूक आमची झाली आणि ती जिवावर बेतता बेतता राहिली, म्हणून बोलतो.

पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर पावसाळ्यात जायचे तर नाले ओलांडावे लागतात. रस्त्यासाठी डिझेलवर उपकर आपण भरतो, रस्ता मात्र दुसऱ्याच्या दारात जातो. तेव्हा आम्ही काय केले, जुनी फोर-व्हील जीप उंच केली. कमानीत दोन जादा पाटे, लांब शॅकल, मागे एक्सल आणि कमानीच्या मध्ये लोखंडी ठोकळे, वर मोठे टायर. गाडी चार इंच उचलली. दिसायला मोठी ऐटदार.

तीन महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. पन्नासच्या वेगाला पायाखाली थरथर. क्लच सोडला की मागे 'खट्ट'. मग ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढू लागली. मिस्त्रीने चाके बॅलन्स केली, क्लचप्लेट बदलली, मास्टर सिलेंडर बदलला. आम्ही पैसे मोजले आणि वर ड्रायव्हरला बोललो, की तू ब्रेकवर पाय ठेवून चालवतोस. द्राक्षाचे पान पिवळे पडले की चुनखडीची जमीन न पाहता युरिया टाकणाऱ्याला आम्ही वीस वर्षे हसत आलो. गाडीच्या बाबतीत आम्ही तेच केले.

पुढे एका बैठकीला पेठला जाताना सावळघाटात पेडल एकदम तळाला गेले. पुढचा रबरी होज फुटला होता. जुन्या जीपला ब्रेकची एकच लाइन, त्यामुळे एक होज गेला की चारही चाकांचा ब्रेक गेला. ड्रायव्हरने गिअर खाली घेतला आणि हँडब्रेक ओढला. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो. सगळा भार मागच्या क्रॉसवर आला, तो महिनाभर 'खट्ट' वाजत होताच, तो तुटला. हँडब्रेकही गेला आणि इंजिनाची पकडही गेली. त्या माणसाने गाडी डोंगराच्या अंगाला मातीत घासली म्हणून आम्ही आज उभे आहोत. एका कार्यकर्त्याचा हात मोडला. ड्रायव्हरची माफी आम्ही मागितली, पण ती आधी मागायला हवी होती.

यातली मुख्य गोष्ट अशी, की गाडी उंच करता तेव्हा चासी आणि एक्सल यांच्यातले अंतर वाढवता. या दोघांना जोडणारे जे जे आहे, शाफ्ट, ब्रेकचे होज, स्टिअरिंगचे दांडे, ते सगळे जुन्या अंतरासाठी बनवलेले असते.

आधी शाफ्ट घ्या. क्रॉस तिरका चालला की पुढचा भाग एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद फिरतो. दोन्ही टोकांच्या क्रॉसचा तिरपा सारखा असेल तर एकाची चूक दुसरा खाऊन टाकतो. गाडी उचलली आणि तिरपा कमीजास्त झाला की थरथर राहते. तपासायचे कसे? ज्या वेगाला थरथरते तो वेग सपाट मोकळ्या रस्त्यावर घ्या आणि गिअर न्यूट्रल करा. थरथर तशीच राहिली तर शाफ्ट किंवा चाके, थांबली तर इंजिन-क्लचकडे बघा. हे घाटात करू नका. मग गाडी सपाटीवर उभी करून चाकांना दगड लावा, न्यूट्रल करा आणि खाली जाऊन शाफ्ट हाताने हलवा. क्रॉसमध्ये ढिलाई लागली तर तो बदलायचाच, ग्रीस भरून भागत नाही. हळू चालताना चिमणीसारखा आवाज येत असेल तर सुया कोरड्या पडल्या आहेत. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खडूची खूण करा. सरकणारा जोड एक दाता चुकवून बसवला तरी नव्या क्रॉसनिशी गाडी थरथरते, आणि मिस्त्री म्हणतो माल खराब. तिरप्याला इलाज म्हणजे कमान आणि एक्सलच्या मध्ये बेताची पाचर. आणि शाफ्ट काढलेली असेल तेव्हा अशा जीपला हँडब्रेक नाही हे विसरू नका.

दुसरी एक सवय सांगतो. नाल्यातून वर आल्यावर फोर-व्हील तसेच ठेवून डांबरीवर धावायचे. जुन्या जीपला मधले डिफरन्शियल नसते, वळणावर पुढची-मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि तो ताण शाफ्टवर बसतो. दांडा निघत नसेल तर हातोडा मारू नका, दहा फूट रिव्हर्स घ्या, ताण सुटतो. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले, यानेही हेच होते.

आता ब्रेक. चासीखाली जॅक लावून चाके लोंबती सोडा, चासीखाली ओंडके ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. लोंबत्या चाकाला होज ताणलेला दिसला तर तो आखूड आहे. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून होज कुठे घासतो ते पाहा. आमच्या जीपचे हे कोणी पाहिलेच नव्हते. प्रत्येक नाल्यात चाक लोंबले की होज ओढला जाई. आतला थर आधी सुटला, त्याने तेल पुढे जाऊ दिले पण परत येऊ दिले नाही, म्हणून उजवे चाक धरून राहत होते आणि गाडी तिकडे ओढत होती.

चाक असे धरले तर एअर काढायचा स्क्रू सोडा. चाक मोकळे झाले तर दाब अडकलेला आहे. मग घट्ट करून ब्रेक मारा आणि या वेळी होजच्या वरचा लोखंडी पाइपाचा जोड ढिला करा. त्यानेही चाक मोकळे झाले नाही तर होज गेला. मोकळे झाले तर दोष वर, मास्टर सिलेंडरकडे. पाच मिनिटांचे काम. हे झाले असते तर मास्टर सिलेंडर बदलावा लागला नसता.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढते. डॉट ३ चे नवे तेल २०५ अंशाच्या खाली उकळत नाही, पण पाणी धरलेले १४० अंशालाही उकळू शकते. कसारा घाट भरल्या गाडीने ब्रेकवर उतरलात तर ड्रम केवढा तापतो ते हात न लावताही कळते. तेल उकळले की वाफ होते आणि पेडल तळाला. दोन वर्षांनी तेल बदला, आणि घाट ज्या गिअरवर चढता त्याच गिअरवर उतरा. कमी पडले म्हणून डब्यातले इंजिन ऑइल ओतू नका, सगळे रबर फुगते.

पिकअपवाल्यांनी नीट ऐकावे. वाशीला टोमॅटो नेण्यासाठी मागे जादा पाटे टाकले आहेत ना? बऱ्याच पिकअपला चासीवर एक वाल्व असतो आणि त्याचा दांडा मागच्या एक्सलला जोडलेला असतो. माल भरला की चासी खाली बसते, दांडा वाल्वला सांगतो की गाडी भरली, आणि वाल्व मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे वाढवले की गाडी बसतच नाही. वाल्व समजतो गाडी रिकामी आहे. म्हणजे माल जास्त आणि मागचा ब्रेक कमी. काहीजण तो दांडा तारेने बांधून टाकतात, मग रिकाम्या गाडीची मागची चाके पावसात जागच्या जागी लॉक होतात.

जादा क्रेट का भरावे लागतात हे आम्हाला ठाऊक आहे. भाडे निघत नाही म्हणून. भावाचे दुखणे कमानीत पाटे घालून बरे करायला आपण निघालो आहोत. कायद्याचेही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ बनावटीत असे बदल चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० असा झाला. अपघात झाल्यावर विमा कंपनीला निमित्त मिळते ते वेगळेच.

आमची जीप आम्ही परत खाली केली. ठोकळे आणि लांब शॅकल काढले, पाटे मूळचे, होज चारही नवे. नाल्याला पाणी जास्त असेल तर अलीकडे गाडी लावून चालत जातो.

जेवणानंतर कोणी लगेच पांगू नका. बाहेर आपल्या अकरा जीपा आणि पिकअप उभ्या आहेत. जॅक आणि चार ओंडके आणले आहेत. एकेक गाडी घेऊ, आणि ज्याची गाडी त्याने स्वतः खाली जायचे.