परगावचा मुक्काम आणि प्राप्तिकर
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही पेशाने शिक्षक. हिशेबनीस नव्हे, वकीलही नव्हे. तरी कराविषयी बोलण्यास विश्वस्तांनी आम्हांस उभे केले, ह्याचे कारण एवढेच की मोहल्ल्यात आलेले सरकारी कागद वाचून दाखविण्याचे काम बरीच वर्षे आमच्याकडे आहे.

प्रवाशाच्या निवाऱ्याची काळजी भोपाळला नवी नाही. आपल्या संस्थानाने मक्का-मदिनेत राखलेल्या रुबातींत येथील हाजी बिनभाड्याने उतरत आले. परंतु रोजगारासाठी परगावी जाणाऱ्यास रुबात कोठली? त्यास लॉजचे भाडे मोजावेच लागते.

आमच्या परिचयाचे एक स्थापत्य अभियंते आहेत. घर भोपाळात, कामे नागपूर आणि जबलपूरकडे. वर्षाचे निम्मे दिवस लॉजवर. एका वर्षी त्यांची जमा ४० लाख रुपये झाली. नोकरांचे पगार, प्रवास, मुक्काम हे सारे जाऊन हाती १४ लाख उरले. विवरणपत्र मात्र त्यांनी अनुमानित उत्पन्नाच्या सोयीने भरले. ह्या सोयीत जमेची निम्मी रक्कम, म्हणजे २० लाख, उत्पन्न धरली जाते, आणि सर्व खर्च उरलेल्या निम्म्यात आला असे कायदा मानतो. लॉजचे बिल मग वेगळे दाखविता येत नाही. कधी न मिळालेल्या सहा लाखांवर त्यांनी कर भरला! आम्ही बिले मागितली, तर ती त्यांनी केव्हाच फेकून दिली होती.

जो रीतसर वह्या ठेवतो, त्यास दुसरा मार्ग मोकळा आहे. १९६१ च्या कायद्याचे ३७ वे कलम सांगते की, संपूर्णपणे धंद्यासाठीच केलेला, भांडवली किंवा खासगी नसलेला खर्च उत्पन्नातून वजा होतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा त्याची जागा घेतो, पण हे तत्त्व त्यातही आहे. आणि नवी करपद्धती घेतली तरी ही वजावट जात नाही. मात्र निम्म्याहून कमी नफा दाखवायचा तर लेखापरीक्षा करवून घ्यावी लागते. तिची फी किती, वाचणारा कर किती, हे आधी ताडून पाहावे.

जरदोजीचे आणि बटव्यांचे काम करणारी मंडळी दिल्ली हाटला, सूरजकुंडच्या मेळ्याला जातात, तेथे दिवसचे दिवस राहतात. त्यांनी उगीच धास्ती घेऊ नये. छोट्या व्यापारात उलाढालीच्या ८ टक्के, आणि पैसे बँकेमार्फत आले असतील तर ६ टक्के नफा धरण्याची सोय आहे. शिवाय २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या साधारण उत्पन्नावर कर शून्य होतो. अशांनी लॉजच्या बिलांपायी झोप कशाला घालवावी?

खासगी खर्च कोणता, येथेच खरी ओढाताण होते. एक दिवस गिऱ्हाईक भेटले आणि चार दिवस मेव्हण्याचे लग्न, तर पाचही दिवसांचे भाडे धंद्याच्या नावे लिहू नये. अधिकारी विचारील, आणि विचारणे रास्तच होईल. ज्याने परगावी बिऱ्हाडच थाटले, त्याचे घरभाडे हा घरखर्च होय. जुनी पद्धत घेणाऱ्या अशा माणसास ८०जीजी कलमाखाली महिना ५ हजारांपर्यंत सवलत मिळू शकते, पण तिला अटी पुष्कळ.

आणखी एक. एकाच दिवशी एकाच लॉजवाल्यास १० हजारांवर रोख दिले, तर तो खर्च एरवी मान्य होत नाही. चेकने किंवा फोनवरून द्यावे. मुसाफिरखान्यात उतरलात तरी पावती मागण्यास लाजू नये.

न्यासाच्या कचेरीत दर रविवारी असरच्या नमाजानंतर आम्ही बसतो. अभियंते बंधू आता आपले कागद भोपाळी बटव्यात घालून आणतात. मागच्या खेपेस त्यातून लॉजची अकरा बिले निघाली आणि दोन नागपूरच्या संत्राबर्फीची. ती दोन आम्ही परत केली.