अंगठ्याच्या शेजारची ओळ



माझे वडील ठेकेदाराकडे, गटारात उतरायचे. वर्षातून एकदा त्यांचा कागदावर अंगठा घेत: गमबूट, हातमोजे, मास्क मिळाले. घरी आले ते फक्त हातमोजे, तेही ढगळ. त्यात दोर धरता येईना, म्हणून ते काढूनच उतरायचे. "साधनं देतो, पण हे लोक वापरत नाहीत," हे मुकादमाचं ठरलेलं वाक्य.

मास्क मिळाला असता तरी काय? कापडाने हायड्रोजन सल्फाइड अडत नाही. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वायू गेला. आत ऑक्सिजन कमी असेल तर गाळणीचा मास्कही कुचकामी. तिथे नळीने किंवा पाठीवरच्या सिलिंडरमधून हवाच पुरवावी लागते.

आपण शिकलोय, तर २०१३ चा कायदा मुळातून वाचू. 'धोकादायक सफाई' म्हणजे मालकाने संरक्षक साधनं न पुरवता हाताने करून घेतलेली सफाई. साधनं दिल्याचा कागद असला की गुन्हा सिद्ध करणं अवघड! २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पण मी जिवंत माणसाबद्दल बोलतोय.

पदवीनंतर मी वडिलांना सही शिकवली, आणि शेजारी एक ओळ: 'फक्त हातमोजे मिळाले.' त्यांनी ती लिहिली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना काम नाही. आता पुढे काय करायचं, ते मला तुमच्याकडून ऐकायचंय.