छोट्या होडीची काया

बिनतारी यंत्रानें चालणाऱ्या छोट्या होडीची काया इपॉक्सी राळेंत भिजविलेल्या कापडाचे थर साच्यांत बसवून घडवितात. कापडें मुख्यतः तीन. कांचतंतूंचें स्वस्त, पण ते तंतू पाण्याच्या अडीचपट जड. कार्बनतंतू पावणेदोनपट जड व अतिशय ताठ. मात्र धक्क्यानें तडकतात. केव्हलार त्याहून हलकें व आघात सोसणारें; परंतु कात्रीला दाद देत नाहीं, घासल्यास पिंजारतें.

मग कार्बनच उत्तम, असें माझ्या नातवाला वाटलें. परंतु कार्बन विद्युद्वाहक असल्यामुळें बिनतारी लहरी अडवितो. ग्राहकयंत्र त्याच्या तार्केसह आंत कोंडलें गेलें आणि तळ्याच्या मध्यावर सुकाणूं ऐकेना. होडीमागें तो पाण्यांत उडी टाकणार, तोंच मीं त्याचा हात धरला.

म्हणून नवशिक्यानें कांचकापड घ्यावें. होडी बहुधा जड होते ती जास्तीच्या राळेनें. तेव्हां राळ कापडाच्या वजनाइतकीच तोलून घ्यावी. ताठपणा हवा असेल, तर दोन पातळ थरांमध्यें बाल्सा लांकडाची पातळ फळी घालावी. शिडाच्या होडींत वाचलेलें वजन तळच्या शिशाला द्यावें. वर हलकी व खालीं भारी, अशीच होडी वाऱ्यांत तग धरते.